बाजार हलवायचा अधिकार सरकारचा, मग व्यापाऱ्याचा हक्क नेमका कुठे सुरू होतो?

पेठकर

मंडळी, प्रश्न घरचा आहे, पण इथे कायदा जाणणारे, शेती करणारे, बाजारात आयुष्य काढलेले असे सगळेच आहेत म्हणून विचारतो.

आमच्या तालुक्याच्या गावात भाजीपाल्याचा घाऊक बाजार जुन्या पेठेत भरतो. आजोबांपासून आमची तिथे आडत (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून द्यायचा धंदा) आहे आणि गाळा आमच्या मालकीचा आहे, भाड्याचा नाही. आता बाजार बायपासजवळच्या नव्या आवारात न्यायचं ठरलंय. नोटीस अशी की पुढच्या महिन्यापासून पेठेत घाऊक व्यवहार केला तर परवान्यावर कारवाई होईल.

नवी जागा बघून आलो. लिलावाचे ओटे छान झालेत, उंचीही बरोबर आहे, टेम्पोचा फाळका थेट ओट्याला लागतो. पण पाण्याच्या टाकीला जोडणी नाही, शौचालयाला कुलूप आहे आणि हमरस्त्यापासून आतला रस्ता अजून मुरुमाचाच आहे. पहिल्या पावसात तिथे टोमॅटोची गाडी रुतणार. गाळेवाटप कशाच्या आधारावर होणार, हे विचारलं तर 'होईल सगळं' एवढंच उत्तर.

पेठेत गर्दी होते, वाहतूक अडते, हे मला मान्य आहे. पण संविधानाने धंद्याचं स्वातंत्र्य दिलंय ना? मग माझ्या मालकीच्या जागेत, परवाना असताना, मी धंदा कुठे करायचा हे दुसऱ्याने का ठरवावं? आणि ठरवलंच तर त्याच्यावर माझ्याबद्दल काही जबाबदारी येते की नाही?

---

दिवेघाट

पेठकर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण बाजार हललाच पाहिजे. पुण्यात घाऊक बाजार पेठांतून गुलटेकडीला गेला नसता तर आज शनिवार-शुक्रवारात माणसाला पायी चालता आलं नसतं. मंडई किरकोळ विक्रीची राहिली आणि दिमाखात राहिली. आता गुलटेकडीलाही शहराने वेढलंय, पहाटे तिथे ट्रकच्या रांगा बघा. म्हणजे हा प्रश्न दर दोन पिढ्यांनी परत येणारच.

---

कायदेपंडिता

आधी वाईट बातमी सांगते. अधिकार आहे, आणि तो न्यायालयात तावून सुलाखून निघालेला आहे.

कलम १९(१)(जी) ने कुठलाही धंदा करायचं स्वातंत्र्य दिलंय, पण १९(६) ने त्यावर लोकहितासाठी वाजवी बंधनं घालायची मुभा सरकारला दिलीय. बाजार नियमनाचे कायदे या कसोटीवर फार पूर्वीच उतरले. मद्रासच्या १९३३ च्या कायद्याला व्यापाऱ्यांनी आव्हान दिलं, त्या अरुणाचल नाडर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. शेतकरी कर्जात बुडालेला, वजनकाटा व्यापाऱ्याचा, भाव व्यापाऱ्याचा. अशा बाजारात ठरलेल्या जागी, उघडपणे, देखरेखीखाली व्यवहार व्हावा हे बंधन वाजवी आहे, असा त्याचा गाभा. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने हीच परिस्थिती मांडली होती.

आपल्याकडे १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा आहे. बाजार क्षेत्रात मुख्य बाजार कुठे, उपबाजार कुठे, हे पणन संचालक जाहीर करतात. ते जाहीर झालं की त्या क्षेत्रात परवान्याशिवाय आणि ठरलेल्या जागेबाहेर घाऊक व्यवहार करता येत नाही, हा मूळ नियम. फळं-भाज्या मात्र २०१६ मध्ये आवाराबाहेर नियमनमुक्त झाल्या, त्यामुळे तुमची नोटीस त्या अंगानेही तपासून घ्या.

गाळ्याच्या मालकीचा मुद्दा इथे फार चालत नाही. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिलेला नाही, आणि तसंही तुमचा गाळा कुणी काढून घेत नाहीये. फक्त तिथे घाऊक आडत बंद होतेय. किरकोळ विक्री या बंधनातून वगळलेली आहे. म्हणजे त्याच गाळ्यात तुम्ही किरकोळ दुकान थाटू शकता.

आता बरी बातमी. अधिकार आहे याचा अर्थ तो कसाही वापरता येतो असं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादच्या एका व्यापाऱ्याने जुन्या मुंबई राज्याच्या १९३९ च्या कायद्याला आव्हान दिलं. कायदा टिकला, पण फी आकारायचा नियम टिकला नाही, कारण फीची कमाल मर्यादा सरकारने आधी ठरवायला हवी होती आणि ती ठरवलेलीच नव्हती. तुमच्यासारख्यांनी हीच वाट धरायची असते. 'हलवूच नका' म्हणून कोर्टात गेलात तर हराल. 'कायद्यात सांगितलंय त्या क्रमाने, त्या तयारीने हलवा' म्हणालात तर ऐकून घ्यावं लागेल.

---

निफाडचा_कांदा

व्यापाऱ्याच्या हक्कावर धागा निघाला, छान. शेतकऱ्याच्या बाजूने दोन शब्द.

मी कांदा करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं होतं, त्यावर त्यांचा राग होता. शुल्कावर आमचाही राग होता. पण बंद राहिला कुणाचा माल? कांदाचाळीतला कांदा कोंब धरायला लागला आमचा. परवाना घेतला की बाजारात उभं राहायचं कर्तव्यही येतं, हे कुणी बोलत नाही. धंद्याचं स्वातंत्र्य म्हणजे संप करायचं स्वातंत्र्य, आणि नियमन म्हणजे अन्याय, असं दोन्हीकडून कसं चालेल?

आणि पेठेतल्या बाजाराबद्दल विचाराल तर माझा ट्रॅक्टर गल्लीत शिरवायला जो वेळ जातो तो कुणी मोजत नाही. मला मोकळं आवार हवं, उघड लिलाव हवा, इलेक्ट्रॉनिक काटा हवा, आणि त्याच दिवशी हिशोबपट्टीसकट पैसे हवेत. जागा पेठ आहे की बायपास, मला फरक पडत नाही.

---

पेठकर

@निफाडचा_कांदा, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्याकडे पट्टी त्याच दिवशी होते, उधारी आम्ही अंगावर घेतो. किरकोळवाला आठवड्याने पैसे देतो, शेतकऱ्याला आम्ही संध्याकाळच्या आत देतो. ही मधली उधारी कोण उचलणार हा आडतीचा खरा धंदा आहे. ते किरकोळवाले नव्या जागी आलेच नाहीत तर लिलावात बोली लावायला माणूस कुठून आणू? मग भाव पडणार तुमचाच.

---

तुर्भेकर

पेठकरांच्या या शेवटच्या वाक्यावर मी तासभर बोलू शकतो. आम्ही हे भोगलंय.

मुंबईचा घाऊक बाजार नवी मुंबईत न्यायचा निर्णय सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) स्थापन झाल्यानंतरच्या काळातला. सिडको १९७० ची, खाडीवरचा पूल १९७३ चा, मुंबई बाजार समिती १९७७ ची. दक्षिण मुंबईतली गर्दी कमी करायची आणि नव्या शहराला रोजगार द्यायचा, असे दोन हेतू एकत्र होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पहिले गेले कांदा-बटाटेवाले. मग दाणाबंदर-मशीद बंदरवरचे धान्य आणि मसाल्याचे व्यापारी. फळं-भाज्या सगळ्यात शेवटी, १९९६ मध्ये.

आता एक तारीख लक्षात घ्या. मानखुर्दहून वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. म्हणजे कांदा-बटाटा बाजार जवळजवळ दहा वर्षं रेल्वेशिवाय चालला! माझे वडील तेव्हा एका पेढीवर मुनीम होते. घरी परळला, कामाला वाशीलगतच्या तुर्भ्याला. पेढीचा मालक गाडीने यायचा, माल ट्रकने यायचा, प्रश्न होता बाकीच्यांचा: मुनीम, मापाडी, हमाल, चहावाला. बाजार हलवताना नकाशावर गाळे दिसतात, ही माणसं दिसत नाहीत.

तरीही सांगतो, हलवणं बरोबर होतं. मशीद बंदरच्या गल्ल्यांत आज दहा चाकी ट्रक कल्पून बघा. वाशीला जागा मिळाली, पाचही बाजार एका परिसरात आले, गाळ्याला मागे-पुढे दोन्हीकडून गाडी लागते. पहिली वर्षं ज्यांनी तग धरला त्यांच्या पुढच्या पिढीचं सोनं झालं. मोडले ते लहान आडतदार, ज्यांच्याकडे दोन वर्षं तोट्यात बसायची ताकद नव्हती. पेठकर, तुम्ही कुठल्या गटात आहात याचा विचार करा.

---

भायखळ्याची_लेक

@तुर्भेकर, अजून एक माणूस राहिला तुमच्या यादीत. पाटीवाली.

माझी आई दादरला फुटपाथवर भाजी विकायची. आधी भायखळ्याहून माल उचलायची. पहाटेची पहिली लोकल, पाटी लगेज डब्यात, सहाच्या आत धंद्यावर. बाजार वाशीला गेल्यावर चार-पाच जणींनी मिळून टेम्पो ठरवला. रात्री दोनला निघायचं. टेम्पोचं भाडं वाटून घेतलं तरी मेथीच्या प्रत्येक जुडीवर चढायचं, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, 'मावशी, कालच्यापेक्षा महाग कशी?' ज्या दिवशी एखादी आजारी पडायची त्या दिवशी बाकीच्यांचं भाडं वाढायचं.

तिला कुठली नोटीस आली नाही, कुणी सुनावणीला बोलावलं नाही. गाळेधारकाला निदान गाळा मिळाला.

---

दिवेघाट

हा प्रतिसाद वाचून थांबलो. आईंना नमस्कार.

---

कोपरखैरणे_सेक्टर

माथाड्याची मुलगी आहे, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात. बाबा मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे, बाजारासोबत इकडे आले. आज कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली इथे माथाड्यांची घरं आहेत, आमच्यासारखी मुलं शिकली, ती या स्थलांतरामुळेच. पण त्यामागे १९६९ चा माथाडी कायदा होता आणि अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना होती. हमाल माथाडी मंडळात नोंदलेला असल्याने बाजार कुठेही गेला तरी त्याचं काम, लेव्ही (मालकाने मजुरीवर मंडळाला भरायची रक्कम), भविष्यनिर्वाह निधी त्याच्यासोबत गेला.

पेठकर, तुमच्या पेठेतले हमाल नोंदलेले आहेत का? नसतील तर नव्या आवारात ठेकेदाराची माणसं येतील आणि तुमच्याकडे आयुष्यभर राबलेले लोक घरी बसतील. तुमच्या हरकतीत हा मुद्दा पहिला घाला.

---

कारंजा_लाड

थोडं अवांतर, पण आमच्या गावाचा मान आहे म्हणून. देशातला पहिला नियमन केलेला बाजार म्हणून आमच्या कारंज्याच्या कापूस बाजाराचं नाव घेतात, साल १८८६. मग १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रजाला शेतकऱ्याचा कळवळा होता म्हणून नव्हे. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात हवा होता. पण एकदा ठरलेली जागा, ठरलेलं वजन आलं आणि शेतकऱ्याला त्याचा फायदा झालाच.

आजोबा रुमालाखालच्या सौद्याच्या गोष्टी सांगायचे. आडत्या आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकायचे, आत बोटं दाबून भाव ठरायचा, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून रुमालाकडे बघत बसायचा. वर कडता (वजनातली कपात), धर्मादाय, नमुना म्हणून ओंजळभर माल, सगळं त्याच्याच ढिगातून.

---

निफाडचा_कांदा

@कारंजा_लाड, बरोबर बोललात! हत्ता पद्धत. माझ्या वडिलांनी पाहिलीय. म्हणूनच मी नियमनाच्या विरोधात कधीच जाणार नाही. बाजार समित्यांत राजकारण आहे, संचालकांची मनमानी आहे, सगळं आहे. तरी उघडा लिलाव हा आमच्या बापजाद्यांनी मिळवलेला हक्क आहे.

---

हिंगोलीचा_हळद्या

आमच्याकडे अजून एक प्रकार होता. रुमाल काढल्यावर आडत्या इतका गोड हसायचा की शेतकऱ्याला वाटायचं आपणच जिंकलो. :)

---

चेन्नैकर

पंचवीसेक वर्षं चेन्नईत आहे, इथला अनुभव.

जॉर्ज टाऊनमधल्या कोत्तवाल चावडीचा घाऊक बाजार १९९६ मध्ये कोयंबेडूला हलवला. आपण मुंबईबद्दल बोलतोय त्याच वर्षी! इथे फरक असा की तमिळनाडूने फक्त जागेसाठी वेगळा कायदाच केला: अमुक मालाचा घाऊक बाजार कुठे भरेल हे ठरवणारा. भाजी, फळं, फुलं असे तीन विभाग, शेजारी मोठं बस स्थानक. जुन्या ठिकाणचे व्यापारी खूप विरोधात होते. आज कोयंबेडूशिवाय चेन्नईची कल्पना करता येत नाही.

पण सगळं एका जागी आणण्याचा धोका मे २०२० मध्ये दिसला. करोनाचा मोठा उद्रेक कोयंबेडूतून झाला, बाजार बंद करून भाजीचा व्यवहार तिरुमळिशैला न्यावा लागला. तेव्हा ज्यांनी गाळे विकत घेतले होते ते हप्ते भरत घरी बसले. वाशीचा बाजारही त्याच महिन्यात काही दिवस बंद होता ना?

---

तुर्भेकर

हो, मे २०२० मध्ये आठवडाभर पूर्ण बंद होता.

पण मला वेगळ्या जखमेबद्दल लिहायचंय. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाज्या बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केल्या. आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असंही ठरलं. शेतकऱ्याची आडत गेली ते उत्तम झालं, मी त्याच्या बाजूने आहे. पण बाजाराबाहेर व्यवहार मोकळा झाला आणि मुंबईत थेट गाड्या उतरू लागल्या. आवारातल्याने परवाना घ्यायचा, बाजार फी भरायची, माथाडी मंडळाची लेव्ही भरायची. बाहेरच्याला यातलं काही नाही.

ज्याला सरकारने 'तिकडेच धंदा कर, इकडे केलास तर गुन्हा' असं सांगून खाडीपलीकडे पाठवलं, त्यालाच वीस वर्षांनी 'आता इकडेही चालेल, पण तुझी फी चालूच' असं सांगितलं. हलवण्यावर माझा आक्षेप नाही. पण ज्याला जबरदस्तीने हलवलं त्याला निदान नियम सगळ्यांना सारखा मिळायला हवा होता.

---

निफाडचा_कांदा

@तुर्भेकर, इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार. माझा माल मी कुठे विकायचा हे मला ठरवू द्या. तुम्हाला पेठेतून हलवणं अन्याय वाटतं, आणि मला तुमच्याच दारात बांधून ठेवणं न्याय? नियमनमुक्तीने मला थेट सोसायटीत विकता आलं.

---

तुर्भेकर

विका ना, हक्काने विका. शेतकऱ्याने स्वतः विकायला माझा कधीच विरोध नव्हता. माझा विरोध बाहेर बसून घाऊक आडत करणाऱ्या व्यापाऱ्याला आहे. तो तुमच्या पैशाची हमी घेत नाही. आवारातल्या आडत्याने पैसे बुडवले तर तुम्ही समितीच्या दारात बसता. बाहेरच्याने बुडवले तर कुणाच्या दारात बसणार?

---

निफाडचा_कांदा

हे खरं आहे. गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या गावात द्राक्षवाल्यांचे पैसे घेऊन एकजण पसार झाला. पोलीस पाटलाकडे तक्रार देण्यापलीकडे काही करता आलं नाही.

---

कायदेपंडिता

चर्चा रंगलीय, पण पेठकरांच्या प्रश्नाकडे परत येते. त्यांच्या हातात दिवस कमी आहेत.

पेठकर, आधी हे बघा की नव्या आवाराबद्दल पणन संचालकांची अधिसूचना निघाली आहे का, की नुसता बाजार समितीचा ठराव आहे. ठराव पुरेसा नाही. अधिसूचनेची प्रत माहिती अधिकारात मागा. परवान्यावर कारवाई करण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, त्याविरुद्ध अपीलही आहे. त्यामुळे नुसत्या नोटिशीने घाबरू नका, पण उत्तर मात्र लेखी द्या आणि पोचपावती घ्या.

हरकतीत स्थलांतराला विरोध लिहू नका. नव्या जागी पाणी, शौचालय, पक्का रस्ता, वजनकाटा चालू झाल्याशिवाय जुनी जागा बंद करू नये, एवढंच मागा, आणि टाकीचे, कुलपाचे, रस्त्याचे तारखेसकट फोटो जोडा. गाळेवाटपाचे निकष जाहीर करा, पेठेतल्या परवानाधारकांना त्यांच्या उलाढालीप्रमाणे प्राधान्य द्या, असं स्पष्ट लिहा. बंदी पेठेत बसणाऱ्या प्रत्येकाला एकाच दिवशी लागू व्हावी, कुणा दोघा-चौघांना मुदतवाढ नको, हेही मागा. तुर्भेकर म्हणतात तो सारखेपणा इथेच मिळवायचा असतो, नंतर मिळत नाही.

---

पेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परवानाधारकांची बैठक झाली, त्यात या धाग्यातलं बरंच काही वाचून दाखवलं.

निम्मे लोक अजून 'हलायचंच नाही' म्हणतायत. पण वाशीला लोकल यायला लागलेला काळ ऐकल्यावर बरेच जण विचारात पडले. अखेर अर्ज कायदेपंडिता म्हणतात त्या धर्तीवर करायचं ठरलं. फोटो काढलेत. अधिसूचनेची प्रत मागितली आहे. पावसाळा संपेपर्यंत मुदत आणि तोवर रस्त्याचं डांबरीकरण, अशी मुख्य मागणी.

हमालांचं विचारलंत, @कोपरखैरणे_सेक्टर. नोंदणी फार थोड्यांची आहे. आमच्या टोळीतले बहुतेक जण वडिलांपासून आमच्याकडे आहेत, पण कागदावर कुठेच नाहीत. हे मला आधीच करायला हवं होतं की समितीने, हा वाद नंतर घालू. आत्ता त्यांचा वेगळा अर्ज टाकतोय.

---

कोपरखैरणे_सेक्टर

अर्जात प्रत्येकाचं नाव, किती वर्षं काम केलं आणि कुठल्या गाळ्यावर, हे लिहा. गाळेधारकाची सही घ्या. ती सही पुढे नोंदणीला उपयोगी पडते. जिल्ह्याचं माथाडी मंडळ असेल तिथे एक प्रत द्या.

---

भायखळ्याची_लेक

आणि पेठेतून माल उचलणाऱ्या बायका? त्यांना बैठकीला बोलावलंत का?

---

पेठकर

नाही, बोलावलं नव्हतं. सकाळी लिलाव सुटल्यावर त्या सगळ्या ओट्याजवळच असतात, उद्या तिथेच बोलतो. बायपासपर्यंत पहाटेची एसटी किंवा सामायिक टेम्पोची मागणी त्यांच्या नावाने अर्जात घालता येईल का, कायदेपंडिता?

---

कायदेपंडिता

घालता येईल. मसुदा आज रात्री पाठवते.